विसाराचे पाच लाख

गेल्या महिन्याचा लेख वाचून एका भगिनीचा फोन आला. बोलायला लाजत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, "भाईसाहब, तुम्ही मनातले साचे, माणसाच्या डोक्याच्या खोड्या असं सगळं लिहिता. वाचायला बरं वाटतं. पण आमच्या घरात जमिनीचा वाद चालू आहे. तिथं ह्याचा काही उपयोग आहे का?"

मी म्हटलं, तिथंच आहे. दुकानातल्या 'एकावर एक फ्री'मध्ये फसलो तर शंभर-दोनशे रुपये जातात. जमिनीच्या सौद्यात फसलो तर दोन पिढ्या त्याची भरपाई करत बसतात. मग त्यांना माझ्या मामूंच्या घरची हकीकत सांगितली. मामूंची परवानगी घेऊन तीच आज इथं सांगतो. नावं आणि गाव सोडून बाकी जशी घडली तशी.

माझं आजोळ मुळशी तालुक्यातलं. पुण्याहून पौड रस्त्यानं निघालं की पिरंगुट, मग पौड, पुढे ताम्हिणी घाट आणि खाली कोकण. त्या रस्त्याच्या आसपास नानांची दीड एकर, म्हणजे ६० गुंठे जमीन. थोडी वडिलोपार्जित होती. बाकीची नानांनी शिलाई मशीनवर पैसा पैसा जोडून घेतली. भातखाचरं आहेत, पावसाच्या पाण्यावर इंद्रायणी होते. एका पिकावर घर चालत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. जमीन विकणं हाच मोठा गुन्हा, असा सूर मला लावायचा नाही.

नाना-नानी दोघंही अल्लाहला प्यारे झाले. मागे चार भावंडं: मोठे मामू, छोटे मामू, माझी अम्मी आणि छोटी खाला. अम्मी यात आहे, म्हणजे माझाही स्वार्थ आहे. तेव्हा माझं बोलणं थोडं वजा करूनच ऐका.

दोन वर्षांमागे जूनमध्ये मोठ्या मामूंचा फोन आला. "बेटा, रविवारी ये. सौदा ठरलाय. हिशेबाला तू पाहिजेस." गेलो. ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, एजंट नुकताच चहा पिऊन गेलेला. मामूंचा चेहरा खुललेला होता. म्हणाले, "तीन लाख गुंठ्याच्या वर एक पैसा देणार नाही म्हणत होता. मी चार लाखांवर आणला. एका गुंठ्यामागं एक लाख वाढवून घेतला!" ६० गुंठ्यांचे २ कोटी ४० लाख. विसाराचे पाच लाख वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेले. (रोखीत. ते कायद्याला धरून नाही, हा मुद्दा मी त्या दिवशी काढला आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.) विसार पावतीवर सही मात्र अजून व्हायची होती. शुक्रवारपर्यंत मुदत.

मी विचारलं, "मामू, तीन लाख हा आकडा कुणी काढला?"

"त्यानंच."

"मग तुम्ही चार लाखांवर आणलं की त्यानं तुम्हाला तिथं नेलं?"

याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ॲमॉस टवर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तो छापला. लोकांसमोर जत्रेतल्यासारखं आकड्यांचं चक्र फिरवायचं. चक्र असं बनवलेलं की ते १० वर तरी थांबणार किंवा ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरी ज्यांनी १० पाहिला त्यांचा अंदाज साधारण २५ टक्के, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. पहिला ऐकलेला आकडा डोक्यात खुंटीसारखा रुततो आणि पुढचा सगळा विचार त्या खुंटीला दावं बांधून फिरतो. मामूंचं दावं तीन लाखांच्या खुंटीला होतं. ते चार लाखांपर्यंत फिरले आणि त्यांना वाटलं, आपण रान जिंकलं.

खुंटी उपटायची तर दुसरा आकडा पाहिजे, आणि तो एजंटच्या तोंडून आलेला नको. आजूबाजूच्या गटांची खरेदीखतं कितीला झाली ते दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनमधून कळतं. हल्ली ऑनलाइनही पाहता येतं. सरकारी रेडीरेकनरचा दर असतो. अर्थात कागदावरचा आकडा आणि टेबलाखालचा आकडा यांत अंतर असू शकतं, म्हणून तेवढ्यावरही विसंबू नये. दोन-तीन वेगळ्या गिऱ्हाइकांना विचारणं हा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय. मामूंनी किती जणांना विचारलं होतं? एकालाही नाही. बाजारात मेथीची जुडी घेताना तीन ठिकाणी भाव करणारा माणूस!

ते मी त्यांना बोलून दाखवलं तर छोटे मामू हसले, मोठे मामू चिडले. "शुक्रवारनंतर तो दुसरीकडे जाईल. त्याच्याकडे दुसरी जमीन तयार आहे." असेलही. पण साठ वर्षं जागेवर पडून असलेली जमीन शुक्रवारी कुठं जाणार होती? घाई त्याची होती. ती त्यानं पाच लाखांच्या पुडक्याबरोबर आमच्या कपाटात ठेवून दिली होती.

त्या पुडक्याची गंमत माझ्या रात्री ध्यानात आली. कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा आणखी एक प्रयोग आहे, १९९० चा. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग देऊन टाकला आणि विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तोच. पण ज्यांच्या हातात होता ते साधारण ७ डॉलर मागत होते आणि घेणारे ३ च्या आसपास द्यायला तयार होते. वस्तू आपली झाली की तिचं मोल आपल्या डोळ्यांत वाढतं. अर्थशास्त्राची पुस्तकं याला माणसाची चूक म्हणतात. जमिनीच्या बाबतीत मला ते पटत नाही. मग फुटला तर दुसरा मिळतो. नानांनी ज्या बांधावर बसून भाकरी खाल्ली तो बांध दुसरा मिळत नाही. तेव्हा 'बापाची जमीन आहे' असं म्हणून कुणी थबकत असेल तर त्याला अडाणी म्हणू नये.

गंमत अशी की हीच खोडी उलट्या बाजूनंही काम करते. पाच लाख कपाटात आले आणि दोन दिवसांत ते 'आपले' झाले. आता सही नाही केली तर ते परत द्यावे लागणार, म्हणजे आपलं काहीतरी जाणार. आणि मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख साधारण दुपटीनं लागतं, हेही याच कानेमन-टवर्स्की जोडीनं दाखवलेलं. एजंटनं मानसशास्त्र वाचलेलं नसेल, पण विसार रोख आणि लवकर का द्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुमानी त्या पुडक्याबद्दल बोलताना 'आपले पैसे' म्हणत होत्या. जमिनीबद्दल बोलताना मात्र 'ती जमीन'.

दुपारी जेवणं झाल्यावर पैशाचं काय करायचं यावर बोलणं निघालं. मोठ्या मामूंचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं गाडी आधीच ठरवली होती, रंगासकट. पांढरी. मग जुन्या घरावर मजला, धाकटीचं लग्न 'चार लोकांत शोभेल असं', थोडं सोनं. मुमानी एवढंच म्हणाल्या, "गाडी घ्या, पण ती दूध देणार नाही." सगळे हसले आणि विषय पुढे गेला.

मुळशी-हिंजवडी पट्ट्यात हे चित्र नवीन नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि भाताच्या खाचरांचे भाव गुंठ्यात बोलले जाऊ लागले. तेव्हापासून 'गुंठामंत्री' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. त्यात चेष्टा आहे आणि थोडा मत्सरही. पण मला या शब्दामागचा माणूस मूर्ख वाटत नाही. माझे मामू युरियाचं पोतं दहा रुपयांनी महाग मिळालं तर आठ दिवस बोलतात. तेच मामू गाडीच्या किमतीत लाखभर वर-खाली झाले तर 'जाऊ दे' म्हणतात. एकच माणूस, दोन हिशेब. रिचर्ड थेलर यांनी याच्यावर पुष्कळ काम केलं आणि २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपण पैसा एका गल्ल्यात ठेवत नाही, मनात वेगवेगळे डबे असतात: घामाचा पैसा, बोनसचा पैसा, लग्नात आलेल्या आहेराचा पैसा. आयता मिळाला असं वाटलेला पैसा लवकर संपणाऱ्या डब्यात पडतो. जमिनीचा पैसा मामूंच्या मनात आयत्या पैशाच्या डब्यात होता, कारण तो एका दिवसात येणार होता. नानांच्या मशीनचं पायडल किती वर्षं हललं, हे त्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

इथं मला इब्न खल्दून आठवतात. १३७७ साली त्यांनी आपला 'मुकद्दिमा' लिहून पुरा केला. घराण्याची प्रतिष्ठा फार तर चार पिढ्या टिकते, असं त्यांचं निरीक्षण. पहिला मिळवतो आणि ते मिळवायला काय लागलं हे त्याला ठाऊक असतं. दुसरा त्याच्या सोबत राहिलेला असतो, त्यानं पाहिलेलं असतं, पण पाहणं आणि करणं यांत फरक. तिसरा नुसती नक्कल करतो. चौथ्याला वाटतं, हे सगळं आपल्याला जन्मानंच मिळालंय, आणि तो घालवतो. मी बोटांवर मोजलं. नाना पहिले. मामू दुसरे. गाडीचा रंग ठरवणारा तिसरा. चौथा तेव्हा ओट्यावर कोंबडीच्या मागं धावत होता.

मामूंनी मला हिशेबाला बोलावलं होतं, तर मी हिशेब मांडला. त्यांच्या वाट्याला ८० लाख येणार होते. व्याज घेणार नाही हे त्यांचं पक्कं, तेव्हा बँकेतल्या ठेवीचा प्रश्न नाही. पैसा नुसता पडून राहिला तर वर्षाला अडीच टक्के जकात, म्हणजे पहिल्या वर्षी २ लाख. शेतजमिनीवर अशी जकात नव्हती, तिथं पिकावर उश्र होता. रोख रकमेवर आहे. बाकी एक पैसा खर्च न करता दर वर्षी जकात दिली तरी दहा वर्षांनी ६२ लाखांच्या आसपास राहतात, आणि तोवर महागाईनं त्या ६२ ची किंमत आणखी उतरलेली असणार. मामू दचकले. जकात द्यायला ते मागेपुढे पाहणारे नाहीत, तो प्रश्नच नव्हता. त्यांच्या डोक्यात चित्र असं होतं की पैसा म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू, ठेवली तेवढीच राहणार. पण यतीमांचा पैसा तसाच ठेवू नये, व्यापारात लावावा, नाहीतर जकातीतच संपेल, असं हजरत उमर (रजि.) यांचं सांगणं इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंदलेलं आहे. पडून राहणारा पैसा आणि फिरणारा पैसा यांतला फरक आपल्या वडीलधाऱ्यांना चांगला ठाऊक होता.

'मनातला साचा' म्हणजे काय, हे विचारणाऱ्या वाचकांना मी हाच दाखला देतो. केनेथ क्रेक नावाच्या तरुण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली मांडलं की माणूस डोक्यात जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि काही करण्याआधी तिच्यावर करून पाहतो. माझे नाना शिंपी होते. कापडावर ठेवून खडूनं रेघ मारायला त्यांच्याकडे कागदाचे नमुने असत. नमुन्याशिवाय कपडा कापता येत नाही. पण गिऱ्हाईक जाड झालं आणि नमुना जुनाच ठेवला तर सदरा अंगात शिरत नाही. मामूंचा नमुना जुना होता, इतकंच.

'पण अमक्यानं तर विकली आणि त्याचं भलं झालं.' हे वाक्य अशा बैठकीत आल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे छोट्या मामूंनी ते आणलं. रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याचं उदाहरण दिलं. खरंच त्याचं बरं चाललंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. लढाईहून परतलेल्या विमानांना गोळ्यांची भोकं कुठं पडलीत यावरून पत्रा कुठं जाड करायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी ध्यानात आणून दिलं की आपण फक्त परतलेली विमानं पाहतोय. जी पडली त्यांची भोकं आपल्याला दिसतच नाहीत. हॉटेलवाला परतलेलं विमान आहे, रोज रस्त्यावरून जाताना दिसतो. ज्यानं विकली आणि आज कुणाच्या तरी गेटवर वॉचमन आहे, तो चहाच्या टपरीवर आपली गोष्ट सांगायला बसत नाही. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आला तेव्हा पडलेल्या विमानांपैकी एकाची गोष्ट पडद्यावर दिसली. सिनेमात मारामारी फार आहे, मला तेवढी नको होती. पण जमीन विकलेल्या बापाचं पुढे काय होतं, हे तिथं दिसतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फोन करणाऱ्या भगिनीचा वादही हाच होता.

हिशेब मांडताना मी सहा वाटे केले. दोन भाऊ, दोन बहिणी; भावाला दोन, बहिणीला एक. भावांना २०-२० गुंठे, बहिणींना १०-१०. म्हणजे त्या दिवसाच्या भावानं प्रत्येक बहिणीचे ४० लाख. कागदावर हे लिहिलं आणि ओट्यावर शांतता पसरली. सातबाऱ्यावर बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली. आपल्याकडे पुष्कळ घरांत तशीच असतात. मामू म्हणाले, "त्या दोघींनी आजवर कधी काही मागितलं नाही. हक्कसोडपत्रावर सही करतील. तुझ्या अम्मीनं तर फोनवर होही म्हटलंय."

हे खरं होतं. अम्मी हो म्हणाली होती. मी तिला घरी विचारलं होतं, का? ती म्हणाली, "भाईजान नाराज झाले तर ईदला मी कुठं जाऊ?"

यावर मी बराच विचार केला. माणूस असा का वागतो हे कळत नसेल तर त्याला काय मिळतंय आणि काय गमवावं लागतंय ते पाहा, हा चार्ली मंगर या अमेरिकी गुंतवणूकदाराचा आवडता सल्ला. २०२३ मध्ये ९९ व्या वर्षी ते वारले. वेगवेगळ्या विद्यांतले असे साचे एकत्र वापरायची कल्पना व्यापारी लोकांत त्यांनीच पसरवली. मामूंच्या लेखी बहिणीच्या गप्प बसण्याचा अर्थ होता, 'तिला नकोय.' पण तिला निवड कशातून करायची होती? एका बाजूला ४० लाख, दुसऱ्या बाजूला माहेर. अशी किंमत लावल्यावर जी सही होते ती राजीखुशीची कशी म्हणायची?

याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी असाच एक व्यवहार झाला होता. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण बांधायला काढलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ ला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' झाले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. धरण झालं, पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला वळलं, आणि १९२७ पासून तिथं वीज तयार होते. हे आपण शाळेत शिकलो. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळशा पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेलेल्या होत्या. जमीन कसणारे मावळे आणि जमिनीचे कागद सांभाळणारे सावकार, दोघंही वरवर एकाच बाजूला. पण सावकारांच्या दृष्टीनं हा भरपाईच्या दराचा प्रश्न होता. दर नीट मिळाला की त्यांचं काम झालं. मावळ्याचं घर, देऊळ, शेत, सगळंच पाण्याखाली जाणार होतं. त्याला दराशी काय करायचं? वाटाघाटीत बोलणारा एक आणि बुडणारा दुसरा, अशी स्थिती झाली की सौदा बोलणाऱ्याच्या सोयीचा होतो.

मामूंची सावकाराशी तुलना करतोय असं समजू नका. ते दिलदार आहेत, खालाच्या सासरी अडचण आली तेव्हा स्वतःच्या बैलाचे पैसे देऊन आले होते. पण ओट्यावर मांडलेल्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं? दोघे मामू, त्यांचे मुलगे, मी. खाला आत भाकऱ्या करत होती.

मी तिला बाहेर बोलावलं. मग एक खेळ सुचवला. गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकानं तो कंपन्यांसाठी सांगितला, पण घरातही चालतो. काम सुरू करण्याआधीच समजायचं की ते फसलंय, आणि का फसलं हे प्रत्येकानं सांगायचं. मी म्हटलं, "आज दहा वर्षं झाली असं समजा. जमीन विकली आणि आपल्या खानदानाची वाताहत झाली. कशामुळे झाली? एकेकानं एकच कारण सांगायचं." एरवी 'हा सौदा वाईट आहे' म्हणायला घरात कुणी धजत नाही, वडीलधाऱ्यांचा मान असतो. पण वाईट आधीच झालंय असं मानलं की जिभेवरचं कुलूप निघतं.

छोटे मामू म्हणाले, "आपण दोघे भाऊ कोर्टात गेलो." मुमानी म्हणाल्या, "लग्नात आणि गाडीत गेलं." गाडीवाला मुलगा जरा वेळानं म्हणाला, "मी नोकरी सोडून धंदा काढला आणि तो बुडाला." म्हणजे ते त्याच्या मनात होतं, आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. मोठे मामू काही बोलेनात. खालाची पाळी आली. पदराला पीठ पुसत ती म्हणाली, "मी इथं येणं बंद केलं म्हणून."

बराच वेळ कुणी बोललं नाही. असरची अजान झाली, पुरुष मंडळी उठून मशिदीत गेली. वाटेत मामू माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मला वाटलं आता ईदला मलाही जागा नाही.

शुक्रवारी विसार परत गेला. एजंट पुष्कळ बोलला, गावभर बोलला. पुढचे चार महिने मामू मला फोनवर टोमणे मारत होते की तुझ्या पुस्तकांपायी हातचा सौदा गेला. त्या काळात आमच्या डोक्यातून एक गोष्ट हळूहळू सुटली: 'विकायची की नाही' हे दोनच दरवाजे आहेत, ही समजूत. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तिसरा दरवाजा काढला होता. सुमारे १२० कुटुंबांनी आपल्या ४०० एकरांहून जास्त जमिनी एकत्र केल्या, २००० च्या सुमारास स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार होऊन नगर उभारलं. दीड एकराचा मगरपट्टा होत नाही, हे मामूंनी मला तीन वेळा ऐकवलं. बरोबर आहे. पण सगळीच्या सगळी विकली पाहिजे असं तरी कुठं आहे?

आधी चौघांची नावं सातबाऱ्याला बरोबरीनं लागली. त्यात पाच महिने आणि तलाठ्याकडे बऱ्याच चकरा गेल्या. मग चार ठिकाणी विचारून रस्त्याकडचे २० गुंठे विकले, सव्वापाच लाख भावानं, सगळे पैसे बँकेतून. १ कोटी ५ लाख. बहिणींना साडेसतरा-साडेसतरा लाख, भावांना पस्तीस-पस्तीस. पहिल्या दिवशीच्या खुंटीपासून आम्ही सव्वादोन लाख दूर आलो होतो. भाव त्या दरम्यान चढला म्हणून की चौकशी केली म्हणून, हे सांगता येत नाही. श्रेय घ्यायला मी तयार आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर भाव उतरलाही असता, आणि मग हा लेख मी लिहिला नसता. वाल्डचं विमान माझ्याही घरात आहे.

सगळं छान झालं असं नाही. छोट्या मामूंनी दोन गाळे बांधले. एकाला भाडेकरू आहे, दुसरा बंद. गाडी आलीच, पण जुनी, पांढरीच. अम्मीनं तिच्या पैशांतून उमरा केला आणि बाकीचे कुठं ठेवलेत ते मलाही सांगत नाही. मोठे मामू अजून म्हणतात की सगळी एकदम विकली असती तर एकरकमी हातात पडले असते.

उरलेल्या ४० गुंठ्यांत यंदाही इंद्रायणी झाला. दिवाळीनंतर झोडणी झाली आणि मामूंनी टेम्पोतून बहिणींच्या वाट्याच्या गोण्या पाठवल्या. त्याआधी माहेरून तांदूळ आला नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं, पण ती भेट असायची, कपभर साखर आणि बांगड्यांच्या पैशांसोबत आलेली. या वेळी खालानं मामूंना फोन करून विचारलं, "भाईजान, मजुरी आणि टेम्पोचं भाडं माझ्या वाट्याला किती आलं?" मामू आधी रागावले. मग वही काढून त्यांनी आकडा सांगितला.